निदानाआधीचा निकाल : फोकस न होणारी लेन्स आणि ‘नवीनच घ्या’ हा सल्ला

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात लग्नसमारंभांच्या छायाचित्रणावर पोट असणारे आणि रविवारी खाडीकाठी पक्षी टिपायला जाणारे असे दोन्ही प्रकारचे छायाचित्रकार मोठ्या संख्येने राहतात, आणि एरवी एकमेकांशी फारसे न पटणाऱ्या या दोन वर्गांत एक मत मात्र सिद्धांतासारखे रूढ झाले आहे : लेन्स फोकस करेनाशी झाली की तिच्या दुरुस्तीत वेळ घालवू नये, नवीनच घ्यावी. या मताला तीन आधार दिले जातात. दुरुस्तीचा खर्च नव्या लेन्सच्या किमतीजवळ जातो. आजच्या लेन्स इतक्या सूक्ष्म मापाने जुळवलेल्या असतात की कारखान्याबाहेर उघडल्यास त्या कायमच्या बिघडतात. आणि सुटे भाग मिळतच नाहीत. तिन्ही विधानांत थोडेफार तथ्य आहे आणि त्यामुळेच त्यांचा एकत्रित निष्कर्ष चटकन गळी उतरतो. तरीही तो चुकीचा आहे, कारण लेन्सला नेमके काय झाले आहे हे कळण्यापूर्वीच तो काढलेला असतो, आणि ते कळू नये अशी व्यवस्था काही अंशी उत्पादकांनीच करून ठेवलेली आहे.

‘फोकस होत नाही’ या तक्रारीत बिघाडाचे नाव नसते, केवळ लक्षण असते. भिंगांचा एक गट पुढेमागे सरकवून समोरच्या वस्तूची रेखीव प्रतिमा नेमकी संवेदकाच्या, म्हणजे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या चकतीच्या, पृष्ठभागावर पाडणे याला फोकस करणे म्हणतात. हाताने फोकस करण्याच्या जुन्या लेन्समध्ये हे काम हेलिकॉइड करते. एकात एक बसणाऱ्या, आटे पाडलेल्या नळ्यांची ती रचना असून तिच्यातले वंगण तिला गुळगुळीत ठेवते. स्वयंचलित फोकसमध्ये याच कामासाठी मोठी साखळी लागते : कॅमेऱ्यातील यंत्रणा प्रतिमा किती आणि कोणत्या दिशेला सरकली आहे याचा अंदाज घेते, बॉडीतला प्रोसेसर त्यावरून आज्ञा काढतो, ती आज्ञा माउंटवरच्या सोनेरी संपर्कबिंदूंमधून लेन्सच्या सर्किट बोर्डाकडे जाते, तेथून फ्लेक्स केबलने, म्हणजे कागदाइतक्या पातळ आणि दुमडणाऱ्या पट्टीवर छापलेल्या तारांनी, मोटरपर्यंत पोहोचते, आणि मोटर दाते किंवा खाचा असलेल्या कड्याच्या मदतीने भिंगांचा गट हलवते. यातला कोणताही दुवा निखळला तरी छायाचित्रकाराला दिसणारा परिणाम एकच असतो. मळलेले संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसले की काम होते आणि जळालेला बोर्ड मात्र बदलावाच लागतो. या दोन टोकांना एकाच वाक्याने उत्तर देणारा सल्ला व्यवहारी म्हणवला जातो, याचे आश्चर्य वाटावे.

त्यातही अनेकदा बिघाड मुळात नसतोच. निकॉनने २००६ साली डी-४० हा कॅमेरा आणला तेव्हा बॉडीतली फोकस मोटर काढून टाकली, आणि पुढच्या डी-३००० व डी-५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांतही ती नव्हती. जुन्या एएफ आणि एएफ-डी प्रकारच्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. बॉडीतून येणाऱ्या, पेचकसाच्या टोकासारख्या दांड्याने त्या फिरतात. अशी सेकंड हँड लेन्स अशा बॉडीवर चढवली की ती कधीच आपोआप फोकस करणार नाही, आणि तरीही ती ‘खराब’ ठरवून अर्ध्या किमतीत पुन्हा विकली जाते. लांब पल्ल्याच्या टेलिफोटो लेन्सवर फोकसची कक्षा मर्यादित करणारे एक बटण असते. ते ‘१० मीटर ते अनंत’ या स्थानावर राहिले, तर चार मीटरवरच्या फांदीवर बसलेला खंड्या कितीही प्रयत्न केला तरी स्पष्ट होत नाही. दीड पटीच्या आसपास वर्धन करणारा टेलिकन्व्हर्टर मध्ये घातला की कॅमेऱ्यापर्यंत येणारा प्रकाश इतका घटतो की साध्या डीएसएलआरची फोकस यंत्रणा चाचपडत राहते. काही मिररलेस कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये भिंगांचा गट चुंबकीय रेषीय मोटरवर तोललेला असतो आणि वीज बंद असताना तो मोकळा राहून खुळखुळतो. हा आवाज ऐकून ‘आतले काहीतरी सुटले’ असा निदान-निकाल देणारे जाणकारही कमी नाहीत.

याच संदर्भात ठाणे खाडीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ६ ऑगस्ट २०१५ रोजी खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि हिवाळा ते मे या काळात ऐरोलीच्या बाजूने हौशी छायाचित्रकारांची रीघ लागू लागली. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलावर ऊन चढले की त्याला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा तापते, तिची घनता क्षणाक्षणाला बदलते, तिच्यातून येणारा प्रकाश थरथरत वळतो, आणि दोनशे मीटरवरचे रोहित पक्षी पाण्यातून पाहावे तसे विरघळलेले दिसतात. ही तापलेल्या हवेची थरथर आहे, आणि जगातली कोणतीही लेन्स तिच्यातून रेखीव प्रतिमा काढू शकत नाही. सकाळी सातला स्पष्ट आणि अकराला मऊ येणारी छायाचित्रे दाखवून ‘लेन्सचा फोकस गेला’ अशी तक्रार होते, तेव्हा नवी आणि अधिक महाग लेन्स घेतल्याने फक्त विक्रेत्याचा फायदा होतो.

बिघाड खरोखर असेल, तर तो लेन्समध्ये आहे की बॉडीत, हे ठरवण्यासाठी कारखान्याची गरज नाही. डीएसएलआर कॅमेऱ्यात आरशामागून एक स्वतंत्र फोकस संवेदक प्रकाश घेतो. तो भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांमधले अंतर मोजतो आणि त्या पद्धतीला फेज डिटेक्शन म्हणतात. मागच्या पडद्यावर पाहून, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये, छायाचित्र काढले तर बहुतेक जुन्या डीएसएलआरमध्ये फोकस मुख्य संवेदकावरील प्रतिमेच्या रेखीवपणावरूनच ठरतो. एकाच तिपाईवरून, एकाच छापील कागदाची दोन्ही प्रकारे छायाचित्रे घ्यावीत : लाइव्ह व्ह्यूमधले स्पष्ट आणि डोळा लावून घेतलेले सतत पुढे किंवा मागे सरकलेले असेल, तर भिंगे आणि मोटर धडधाकट असून फक्त दोन संवेदकांमधला मेळ बिघडला आहे. तीच लेन्स मित्राच्या बॉडीवर लावून पाहिली की उरलेला संशयही फिटतो. दोन्ही चाचण्या फुकट आहेत. ‘नवीनच घ्या’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी सल्ल्याआधी त्या करवून घेतल्या, हा प्रश्न त्यांना विचारला पाहिजे, कारण दोष बॉडीत असेल तर नवी लेन्सही तशीच चुकणार आणि मग तिलाही ‘डुप्लिकेट माल’ ठरवले जाणार.

दुसरा आधार, सूक्ष्म मापाचा, अधिक भारदस्त वाटतो, आणि उत्पादकांचा तो आवडता आहे. निकॉनने २०१२ साली अमेरिकेत स्वतंत्र कारागिरांना सुटे भाग विकणे थांबवले, तेव्हा कॅमेरे इतके गुंतागुंतीचे झाले आहेत की विशेष साधनांशिवाय त्यांची दुरुस्ती होऊ शकत नाही, अशाच स्वरूपाचे कारण दिले होते. २०२० च्या मार्चअखेर तिथल्या अधिकृत स्वतंत्र केंद्रांची व्यवस्थाही कंपनीने गुंडाळली. लेन्स उघडल्यावर भिंगाचा अक्ष किंचित कलला तरी प्रतिमेची एक कड मऊ होते, आणि जुळणी तपासायला चाचणीचे फलक व साधने लागतात, हे खरेच आहे. पण साधने लागतात यावरून ती फक्त एकाच कंपनीच्या हाती असावीत हे सिद्ध होत नाही. उत्पादकांचे स्वतःचे वर्तनच याच्या उलट साक्ष देते. फोकसमधली पुढेमागची चूक मालकाने स्वतः मेनूतून दुरुस्त करावी ही सोय कॅनन आणि निकॉनने २००७ पासून आपल्या वरच्या दर्जाच्या बॉडींत दिली. कॅननच्या ५०डी मध्ये ती होती, २०१० च्या ६०डी मधून ती काढून टाकली आणि २०१३ च्या ७०डी मध्ये परत आणली. दरम्यानच्या तीन वर्षांत प्रकाशाचे नियम बदलले नव्हते. कोणत्या किमतीच्या गिऱ्हाइकाला काय द्यायचे याचा हिशेब तेवढा बदलला होता. सिग्माने २०१३ साली आणि टॅमरॉनने २०१६ साली लेन्स थेट संगणकाला जोडून वेगवेगळ्या अंतरांवरचा फोकस घरी जुळवता येईल अशी छोटी उपकरणे बाजारात आणली, आणि खाडीकाठी सर्रास दिसणाऱ्या १५० ते ६०० मिलिमीटरच्या लेन्सपैकी अनेकींना ती चालतात. जे काम केवळ कारखान्यात शक्य आहे असे सांगितले जाते, त्याचा एक मोठा भाग डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात टेबलावर होऊ शकतो, याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

हाच युक्तिवाद भारतात एकदा कायद्याच्या कसोटीवर उतरलेला आहे, जरी वस्तू वेगळी होती. मोटार कंपन्या सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना देत नाहीत या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या कारागिराच्या हातात भाग गेले तर सुरक्षितता धोक्यात येईल, बौद्धिक संपदेचा भंग होईल, हे कंपन्यांचे म्हणणे आयोगाला पटले नाही. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिले झाली, ती गोष्ट निराळी. ब्रेक निकामी होऊन माणसे मरू शकतात अशा यंत्राबाबत जो बचाव टिकला नाही, तो फोकस चुकल्याने फार तर एखाद्या वरमाईचा चेहरा धूसर येईल अशा यंत्राबाबत मुकाट्याने का मानावा, याचे उत्तर लेन्स-उद्योगाने आजवर दिलेले नाही, कारण ते त्याला कुणी विचारलेलेही नाही.

खर्चाचा आधार सर्वांत प्रामाणिक आहे आणि काही ठिकाणी तो मान्यच करावा लागतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या किट लेन्सची मोटर गेली, तर कारागिराची मजुरी आणि भागाची किंमत मिळून होणाऱ्या रकमेत तशीच सेकंड हँड लेन्स सहज येते. तिथे दुरुस्तीचा आग्रह धरणे हा हट्ट होईल. पण किट लेन्सवरून काढलेला नियम लाखभर रुपयांच्या टेलिफोटोला आणि व्यावसायिक झूमला लावला जातो, तिथे हिशेब फिरतो. १९९३ साली आलेली कॅननची ५० मिलिमीटर एफ १.४ ही लेन्स याचे बोलके उदाहरण आहे : तिचा पुढचा भाग बाहेर आलेला असताना किरकोळ धक्का बसला तरी आतले पातळ कडे दबते, मोटर अडते, आणि सगळी भिंगे शाबूत असताना लेन्स ‘मेलेली’ दिसते. हा दोष दुरुस्ती करणाऱ्यांच्या पूर्ण परिचयाचा आहे. एका दबलेल्या कड्यासाठी सात भिंगांची जुळवणी मोडीत काढणे याला काटकसर म्हणता येत नाही.

खर्चाच्या युक्तिवादात याहून मोठी उणीव हवामानाची आहे, आणि ती ठाणे जिल्ह्यात राहून न दिसावी हे विशेष. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात बंद कपाटातली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेची बाष्प धरण्याची जेवढी क्षमता आहे तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, आठवडेच्या आठवडे ७० टक्क्यांच्या वर राहते. बुरशीला एवढे पुरते. छायाचित्रकाराचा धंदा आणि बुरशीचे वेळापत्रक यांचा इथे विचित्र मेळ बसतो : आषाढ लागला की लग्नसराई संपते, चातुर्मासात मुहूर्त नसतात, गणपतीचे काही दिवस सोडले तर तुळशीच्या लग्नापर्यंत बॅगा बंद राहतात, आणि बॅगेतला फोम ओल शोषून ती लेन्सच्या भोवती जपून ठेवतो. कार्तिकात बॅग उघडली की भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, प्रतिमेतला काळ्यापांढऱ्याचा विरोध घटल्याने फोकस यंत्रणा पुढेमागे शोधत राहते, आणि हेलिकॉइडमधले वंगण घट्ट झालेले किंवा पाघळलेले असते. ही लेन्स टाकून नवी घेतली, तर तीही पुढच्या आषाढात त्याच बॅगेत, त्याच कपाटात जाणार आहे. बुरशी हे वॉरंटीच्या कक्षेबाहेरचे कारण मानले जात असल्याने त्या नव्या लेन्सचा खर्चही मालकाच्याच माथी येतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखणारे विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट, किंवा अगदीच ऐपत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, रंग बदलणारे सिलिका जेल आणि आर्द्रतामापक, एवढ्याचा खर्च एका चांगल्या लेन्सच्या किमतीशी ताडून पाहिला, तर कोणता सल्ला महाग आहे हे उघड होते. लेन्स बदलण्याच्या हिशेबात हा आकडा कुणी धरत नाही.

सुटे भाग मिळत नाहीत, या तिसऱ्या आधाराबद्दल थोडक्यातच बोलणे पुरे. कल्याण हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ५४ किलोमीटरवर, डोंबिवली ४८ आणि ठाणे ३४ किलोमीटरवर आहे. टर्मिनसच्या बाहेर पडून चालत गेले की फोर्टमधील बोरा बाजार लागतो आणि कॅमेऱ्यांचा हा जुना बाजार मध्य रेल्वेच्या पासधारकाला वेगळे तिकीट न काढता गाठता येतो. तिथे आणि तशाच अन्य ठिकाणी दुरुस्ती चालते ती मुख्यतः बंद पडलेल्या लेन्समधून काढलेल्या भागांवर : एकीची मोटर, दुसरीची फ्लेक्स केबल. म्हणजे जो मालक भाग मिळत नाहीत म्हणून आपली लेन्स मातीमोल भावाने एक्स्चेंजमध्ये देतो, तोच दुसऱ्याच्या दुरुस्तीसाठी भाग पुरवत असतो. अर्थात हा पुरवठा अनियमित आहे, त्याची हमी कुणी देत नाही, आणि अधिकृत भाग खुल्या बाजारात मिळाले असते तर त्याची गरजच पडली नसती.

दुरुस्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही इथे गय करण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी काहींना कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची आठवण काढण्याची सवय आहे. त्यांनी १९१८ च्या सुमारास सहकारी दामल्यांच्या मदतीने चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला, मग आपल्या माणसांना एक लेन्स उघडता येऊ नये काय, असा तो सूर असतो. पेंटरांचे कर्तृत्व निर्विवाद आहे, पण त्यांच्या यंत्रात जे होते ते डोळ्याला दिसत होते आणि लेथवर कातता येत होते. आजच्या लेन्समधला प्रोग्रॅम लेथवर कातता येत नाही, आणि काही नव्या लेन्समध्ये तर फोकसचे कडे हाताने फिरवले तरी ते भिंगाला स्पर्शही न करता फक्त मोटरला संदेश देते, म्हणजे बोर्ड गेला की हाताचा फोकसही गेला. कौतुकाच्या भरात घरी लेन्स उघडणे, बुरशीवर उन्हाचा किंवा घरगुती रसायनांचा प्रयोग करणे, हे ‘नवीनच घ्या’ इतकेच निदानशून्य आहे. बुरशी जे आम्ल सोडते त्याने भिंगावरचा परावर्तन रोखणारा थर खाल्ला गेला असेल, तर कोणताही कारागीर तो परत देऊ शकत नाही. धागे पुसले जातात, व्रण राहतात. असा कारागीर ते आधी सांगत नसेल, तर त्याच्यात आणि शोरूमच्या विक्रेत्यात फरक उरत नाही.

राहता राहिला प्रश्न हा सगळा भार एकट्या मालकाने का वाहावा, हा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. समितीने प्राधान्यासाठी निवडलेली क्षेत्रे चार होती : शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने. कॅमेरा आणि लेन्स यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले, त्या पहिल्या पाच प्रकारांत गवत कापायचे यंत्र आले, पण कॅमेरा आला नाही. ज्या वस्तूवर हजारो स्वयंरोजगारितांचे घर चालते तिला चैनीची वस्तू समजण्याची ही सवय मोडायची, तर मागणी ज्यांना तिची झळ बसते त्यांच्याकडूनच यायला हवी.

१९९९ पासून गुढीपाडव्याला डोंबिवलीत निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेचे छायाचित्रण करायला जमणारे लोक संख्येने पुरेसे आहेत. त्यांनी एकत्र येऊन अगदी मर्यादित गोष्ट मागावी. तपासणीसाठी लेन्स घेणाऱ्या प्रत्येक केंद्राने आणि दुकानाने दोष कोणत्या दुव्यात आहे, तो कोणत्या चाचणीने ठरवला, कोणता भाग लागतो, आणि तो मिळत नसेल तर तो देण्यास नकार कुणी दिला, हे लेखी द्यावे. असा कागद हातात असला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो, कारण त्यानुसार ग्राहक आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाऊ शकतो, म्हणजे डोंबिवलीकराला विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्कही नाही. हा कागद नसेल तर आयोगासमोर मांडायला तक्रारदाराकडे फक्त ‘फोकस होत नाही’ एवढेच वाक्य उरते.